खरे खांदे, काढलेला चेहरा

"हनुवटी जराशी खाली," परशुरामकाका कॅमेऱ्यामागून म्हणाले. "तोंड येणार नाही फोटोत, पण हनुवटी वर असली की गळा ताणला जातो. आणि हात पदराखाली घ्या, बाय."

रचनाने हात पदराखाली घेतले.

"खांदे असे पाडू नका. आई पाडून बसायची का?"

"नाही ओ," प्रियांका दाराजवळून म्हणाली. "आई एकदम ताठ बसायच्या. भाजी निवडतानासुद्धा."

रचना ताठ बसली. साडी आईची होती, फिकट जांभळी, बारीक काठाची. ब्लाउजही आईचाच. तो कमरेत सैल होत होता म्हणून सकाळी भावजयीने, प्रियांकाने, दोन्ही बाजूंनी टाके घालून दिले होते. खांद्यांना मात्र हात लावावा लागला नव्हता. तिथे तो रचनाचं माप घेऊन शिवल्यासारखा बसला होता.

आईला जाऊन दहा दिवस झाले होते. रविवारी शहाडच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि समोर ठेवायला आईचा फोटो नव्हता. लग्नातला एक होता, तो दोन हजार पाचच्या पुरात घरातल्या सगळ्या कागदांबरोबर गेला. त्यानंतरच्या फोटोंमध्ये आई सापडायची ती तुकड्यांनी. बारशाच्या फोटोत तिचं कोपर होतं. धाकट्या भावाच्या, राजरत्नच्या, लग्नाच्या अल्बममध्ये पाठ होती. कोणी मोबाइल उचलला की तिचा पदर तोंडावर जायचा किंवा ती गॅस बंद करायला आत जायची. उरला आधार कार्डावरचा फोटो. त्यात उजेड इतका झाला होता की पांढऱ्या कागदावर दोन डोळे आणि ओठांची एक रेघ, एवढंच.

राजरत्नने तो कुठल्याशा ॲपमध्ये घातला होता. ॲपने आईला कोरलेल्या भुवया दिल्या, गालाला लाली दिली आणि सरळ, एकसारखे दात दिले.

"ही तर सिरीयलमधली सासू झाली," प्रियांका म्हणाली होती. तिघंही हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मग राजरत्नने मोबाइल पालथा ठेवला आणि तो उठून बाहेर गेला.

म्हणून परशुरामकाका. शहाड स्टेशनबाहेरच्या गल्लीत, फ्लेक्स छापणारा आणि मोबाइल दुरुस्त करणारा यांच्यामध्ये त्यांचं दुकान होतं. ज्यांचा नीटसा फोटो नाही अशा गेलेल्या माणसांची चित्रं ते करायचे. गेलेल्या माणसाच्या अंगकाठीचं घरातलं कोणीतरी त्याचे कपडे घालून काकांसमोर बसायचं. काका गळ्यापासून कमरेपर्यंतचा फोटो घ्यायचे, तो जाड कागदावर काळापांढरा छापायचे, वरची जागा मोकळी ठेवायचे. मग त्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने आणि कोळशाच्या पुडीने चेहरा काढायचे.

"सगळंच का नाही काढत हाताने?" परवा रचनाने विचारलं होतं.

"खांदे खरे लागतात," ते म्हणाले होते. "खांदे काढायला गेलं की बाहुली होते. माणूस खांद्यावरनं ओळखू येतो, बाय. लोकांना वाटतं तोंडावरनं."

आईच्या अंगकाठीचं कोण, हे विचारायचीही गरज पडली नाही. नाथामामा चहा पिता पिता म्हणाला, "रचनाच की. पाठमोरी असली तर मी अजून कांता म्हणून हाक मारतो."

भिंतीवर काकांनी केलेली, पण न्यायला कोणी न आलेली चार-पाच चित्रं टांगली होती. एका पोस्टमनच्या खाकी शर्टाला खिशापाशी शाईचा डाग होता, बटणाचा दोरा सुटलेला दिसत होता. वरचा चेहरा मात्र पेन्सिलीचा, मऊ, थोडा लांबून पाहिल्यासारखा. गळ्यापाशी जोड कुठे आहे ते रचना शोधत राहिली. सापडला नाही. तरी शर्ट आजचा वाटत होता आणि चेहरा कधीचा तरी.

कॅमेरा तीनदा वाजला.

"झालं. पण उठू नका, अजून काम आहे," काका म्हणाले. आतल्या खोलीतला प्रिंटर बराच वेळ कुरकुरला. ते कागद घेऊन आले आणि टेबलावर त्यांनी तो चार कोपऱ्यांना चिकटवला. कागदावर जांभळी साडी राखाडी झाली होती. खांदे आईचे होते. रचनाने एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

गळ्याच्या वर काकांनी हलक्या हाताने चेहऱ्याची बाह्यरेषा काढायला सुरुवात केली. आधार कार्डावरून डोळ्यांची जागा घेतली, नाक प्रियांकाला विचारत विचारत काढलं. अर्ध्या तासात कागदावर कोणीतरी दिसायला लागलं, अजून पुसट. मग त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"आता एक विचारतो, राग मानू नका. आईंच्या तोंडावर कोड होतं ना? मी बाजारात बघायचो त्यांना, म्हणून म्हणतो. ठेवू की घालवू? बरेच लोक घालवा म्हणतात. माझं काही नाही."

प्रियांकाने रचनाकडे पाहिलं. "ह्यांना विचारू या का?"

राजरत्नने दुसऱ्याच रिंगला फोन उचलला. प्रियांकाने स्पीकर लावला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"घालवा ना, काका. त्यात विचारायचं काय?"

"राजू," रचना म्हणाली, "ठेवू या. होतं तसंच असू दे."

"कशाला पण? तिला स्वतःला आवडायचं नाही. जन्मभर फोटो काढून घेतला नाही तिने त्या डागांमुळे."

"डागांमुळे नाही."

हॉर्न वाजत राहिले. मग राजरत्न सावकाश म्हणाला, "ताई, तू बोलतेस हे?"

 पदराखाली रचनाच्या एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं.

"बरं," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "ताई म्हणते तसं करा, काका." फोन बंद झाला.

एकवीस वर्षांपूर्वी राजरत्न चौदा वर्षांचा होता आणि कोपरीतल्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत खाली बसला होता. रचनाचा साखरपुडा होता. मुलाकडची माणसं उजवीकडे उभी राहिली, आपली डावीकडे. फोटोग्राफर सगळ्यांना जवळ जवळ या म्हणत होता. आई रचनाला लागून उभी होती, नवी साडी नेसून, आणि समोरच्या दिव्यात तिच्या चेहऱ्यावरचं पांढरं अधिकच पांढरं दिसत होतं. मुलाच्या आत्याने एकदा पाहिलं, मग दुसऱ्यांदा पाहिलं.

"आई," रचना हळूच म्हणाली होती, "तू जरा मावशीच्या मागे उभी राहा ना."

आई लगेच मागे गेली. पुढच्या फोटोला ती मावशीच्या मागेही नव्हती. फोटोग्राफरच्या शेजारी उभी होती, सगळ्या बायकांच्या पर्सा दोन्ही हातांवर अडकवून. "नीट येऊ द्या हं हिचा," असं त्याला सांगत होती. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात, फोटोची वेळ आली की आईच म्हणायची, "पर्सा इकडे द्या गं." रागाने नाही, अगदी सहज. कोणाला काही सांगावं लागलं नाही. रचनालाही पुन्हा काही म्हणावं लागलं नाही, ना तसं, ना दुसरं काही.

"ठीक," काका म्हणाले. त्यांनी एका वेगळ्या कागदावर चेहऱ्याची नुसती रेष काढली आणि पेन्सिलीसकट तो रचनाच्या मांडीवर ठेवला. "कुठं कुठं होतं ते खुणा करून द्या. अंदाजे चालेल."

रचनाने पेन्सिल घेतली. डाव्या डोळ्याभोवती एक गोल काढला. मग वाटलं, डावा म्हणजे आईचा डावा की समोरून बघणाऱ्याचा? तिने उजव्या डोळ्याभोवतीही एक काढला. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी होतं, नक्की होतं. वरच्या ओठाला की खालच्या? हनुवटीवर होतं की हनुवटीच्या खाली? आई स्वयंपाकघरात उभी असलेली तिला दिसत होती, बांगड्या दिसत होत्या, मानेवरचा अंबाडा दिसत होता. आई वळायची, आणि रचनाची नजर तिच्या कानातल्या फुलावर जाऊन बसायची. तेवीस वर्षांची असल्यापासून ती आईशी बोलताना त्या फुलाकडे बघत आली होती. फूल कसं होतं ते तिला पाकळीसकट सांगता आलं असतं.

काकांनी कागद उचलून पाहिला. "हा चष्मा झाला, बाय," ते म्हणाले. आवाजात टोचणी नव्हती. "कोड असं नसतं. ज्याचं त्याचं वेगळं असतं."

"मला..." रचना म्हणाली. "मला नाही आठवत."

 शेजारी फ्लेक्सचं मशीन चालू होतं.

"सूनबाई, तुम्हाला?"

"मला येतंय," प्रियांका म्हणाली. माफी मागावी तसं म्हणाली. "पण कागदावर नाही जमणार, काका. मी रोज मलम लावायची ना त्यांना. आंघोळ झाली की गॅलरीत, उन्हात. माझं बोट आपोआप जायचं."  "ताई, तुमच्या तोंडावर दाखवलं तर चालेल? समोर तोंड असलं की येईल मला."

रचनाने मान हलवली.

काकांनी दारातल्या फळ्याचा खडू कागदावर खरवडला आणि पूड प्रियांकापुढे धरली. "हे बोटाला लावा. मला दिसेल."

प्रियांका स्टुलासमोर गुडघ्यांवर बसली. "डोळे मिटा, ताई. आई मिटायच्या."

रचनाने डोळे मिटले. बोट आधी डाव्या भुवईच्या टोकाला टेकलं. कोरडं, थोडं खरखरीत, भांडी घासणारं बोट. भुवईवरून ते कानाच्या दिशेने गेलं, तिथून खाली वळलं.

"हा इथून असा," प्रियांका म्हणाली. "लांबुळका. आंब्याच्या कोयीसारखा. आणि इथं नाकाजवळ बारका. हे खालचे आधी दोन होते, गेल्या पावसाळ्यात एक झाले. त्याच मला दाखवायला आलेल्या. बोलल्या, बघ गं, शेजारच्यांनी मधली भिंत पाडली."

काकांची पेन्सिल कागदावर भराभर चालत होती. "डागाच्या जागी मी काही लावत नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आजूबाजूला काळं भरायचं. तिथं कागद तसाच सोडायचा."

बोट वरच्या ओठाच्या कोपऱ्यात आलं. वरच्याच ओठाला होता तर.

"किती वर्षं लावायचीस?" रचनाने ओठ फारसे न हलवता विचारलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून. आठ."

"काही फरक पडत होता?"

"कुठला फरक? डॉक्टर दुसऱ्याच वर्षी बोललेले, आता उपयोग नाही, उगाच महागाची ट्यूब कशाला, बंद करा."

"मग?"

बोट गालावर थांबलं.

"केलेलं बंद. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून आई आपल्या गॅलरीत येऊन बसलेल्या, डोळे मिटून. मी बोलले, आई, ट्यूब संपली. तर बोलल्या, असू दे, तशीच लाव." प्रियांका थोडं हसली. "मग काय, सहा वर्षं खोबरेल तेल."

बोट पुन्हा चालायला लागलं. हनुवटीच्या खालून, गळ्याच्या एका बाजूने, ब्लाउजच्या काठापर्यंत. तिथे ते उचललं गेलं.

"संपलं," प्रियांका म्हणाली.

आणखी काही क्षण पेन्सिलीचा आवाज येत राहिला. मग ती पत्र्याच्या डब्यात पडली. काकांनी समाधानाने श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "आल्या बघा," ते म्हणाले. "पुसून घ्या, बाय. हा कापूस घ्या."

रचनाने कापसासाठी हात पुढे केला नाही. ती ताठ बसली होती आणि डोळे मिटलेलेच होते. मिटलेल्या पापण्यांच्या कडेने एक ओघळ खडूतून वाट काढत खाली आला होता.

"डावी बाजू परत एकदा दाखव, प्रियांका," ती म्हणाली. "काकांना नीट दिसलं नसेल."

 कागद टेबलावर थोडासा सरकला.

"हो," मग काका म्हणाले. "डावी बाजू राहिलीच."

डब्यातून पेन्सिल उचलल्याचा आवाज आला. कागदावर चालल्याचा मात्र आला नाही. प्रियांकाचं बोट रचनाच्या भुवईच्या टोकाला टेकलं आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, निघालं.