राजाजीनगरचं शिकारी जाकीट

मित्रांनो, हरीण सुखरूप निसटलं. हे वाक्य माझ्या तोंडून चुकून गेलं. तुम्ही ते ऐकलेलं नाही आणि मी ते बोललेलो नाही. आपण पहिल्यापासून सुरू करू.

मी एक जुनं नारिंगी जाकीट आहे. मला बाह्या नाहीत, पुढे दोन चंदेरी पट्टे आहेत. माझा जन्म तिरुप्पूरच्या एका कारखान्यात नऊशे नव्व्याण्णव भावंडांसोबत झाला. रस्त्यावर खोदकाम करणाऱ्यांसाठी आम्हाला शिवलं होतं, म्हणून पाठीवर मोठ्या कन्नड अक्षरांत 'काम चालू आहे' असं छापलेलं आहे. भावंडं कामाला लागली. मी मात्र बेंगळुरूच्या मार्केटात एका हार्डवेअरच्या दुकानात दोन वर्षं खिळ्याला लटकून होतो. त्यामुळे माझ्या पाठीवरचा मजकूर कुणाला पटत नसे.

एके दिवशी शरच्चंद्रकाका दुकानात आले. काका मूळचे बेळगावचे, आता राजाजीनगरचे. चौतीस वर्षं एका वाचनालयात खुर्चीवर बसून ते निवृत्त झाले. त्यांची मुलगी मैत्रेयी अमेरिकेत, मॉन्टाना नावाच्या डोंगराळ राज्यात असते. तिचे सासरे वॉल्टर दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात. त्यासाठी तिकडे परवाना मिळतो, आपल्याकडे तुरुंग मिळतो. एकदा व्हिडिओ कॉलवर व्याह्यांनी शिकारीचा विषय काढला आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "आमचं घराणंच शिकारीचं. आजोबा आमच्या संस्थानच्या सरकारांबरोबर जंगलात जायचे."

व्याही खूश झाले. म्हणाले, "मग यंदा तुम्ही माझ्याबरोबर चला. अठरा किलोची पिशवी पाठीवर घेऊन दिवसभर डोंगर चढायचा. अंगात नारिंगी हवंच, तसा कायदा आहे. नाहीतर दुसरा शिकारी आपल्याला हरीण समजतो."

आता अडचण बघा. काकांना गल्लीच्या टोकाशी जाऊन दूध आणलं तरी धाप लागायची. शिवाय आजोबा जंगलात कशासाठी जायचे, हे काकांनी सांगितलंच नव्हतं. डोंगरावर धाप लागली की घराणं उघडं पडणार आणि मुलीला सासरी मान खाली घालावी लागणार, या धास्तीने त्यांना जेवण गोड लागेना. सगळं माझ्यावर येऊन ठेपलं होतं.

"सार, मागे लिहिलंय. चालेल?" दुकानदाराने विचारलं.

"चालेल. तिकडच्या हरणांना कन्नड येत नाही," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. पिशवीत अठरा किलो सोनामसुरी तांदूळ, अंगात मी, आणि गल्लीचा चढ. कोपऱ्यावर यल्लव्वा फुलं विकते. ती निपाणीकडची, मराठी फर्डं बोलते. तिच्या टोपलीसमोरच एक मोठा खड्डा होता. मला पाहताच ती उठून उभी राहिली.

"आलात व्हय अण्णा! खड्डा कधी बुजवणार?"

"यल्लव्वा, मी शिकारीला चाललोय."

"चला की. जाता जाता तेवढा खड्डा बुजवून चला."

काका न थांबता पुढे गेले. म्हणजे थांबलेच, पण दहा पावलांवर, धाप लागली म्हणून.

तीन आठवड्यांत चमत्कार झाला. काका चढ सहज चढू लागले. मैत्रेयीला फोनवर सांगू लागले, "मला आता वजन जाणवतच नाही गं." पिशवी आणि पाठ यांच्या मध्ये मी असतो, त्यामुळे मला खरं काय ते माहीत होतं. पण जाकिटाला कोण विचारतो? शेवटी एका सकाळी पिशवी पाठीवरच पतंगासारखी फडफडली.

"अहो, रोज चार वाट्या काढत होते," कल्पनाकाकू शांतपणे म्हणाल्या. "डब्यातला तांदूळ संपला होता. तुम्ही रोज दोनदा भात जेवताय तो कुठला समजत होतात?"

काका स्वतःचं वजन स्वतःच खात होते.

मग त्यांनी पिशवीत शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरचे विटांचे तुकडे भरले. ते काही काकूंना शिजवता येईनात. पहिल्या दिवशी धाप लागली, दुसऱ्या दिवशी पाठ धरली. पाचव्या दिवशी यल्लव्वाने वाट अडवली.

"अण्णा, रोज विटा घेऊन येता आणि परत घेऊन जाता? असली कसली हो नोकरी तुमची?"

काकांनी पिशवी खड्ड्यात रिकामी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून आणली. खड्डा भरत आला, तसा पलीकडच्या गल्लीतून निरोप आला की आमच्याकडेही एक आहे, याहून मोठा. खड्डा भरताना स्कूटरी अंगावर येत, म्हणून काका हात वर करून ओरडत, "स्वल्प निल्ली!" म्हणजे जरा थांबा. आणि मित्रांनो, लोक थांबत! माझ्याकडे पाहून थांबत. शाळेची मुलं, म्हाताऱ्या बायका, एकदा तर एक गाय, काकांनी सगळ्यांना रस्ता ओलांडून दिला. लोकांनी आमचं कौतुक केलं आणि पाठोपाठ नळाच्या तक्रारीही दिल्या. ऑक्टोबर संपेपर्यंत तीन खड्डे बुजले आणि काकांची धाप कुठे गेली ते त्यांनाच कळलं नाही.

नोव्हेंबरात आम्ही मॉन्टानाला पोहोचलो. व्याह्यांनी माझ्या पाठीकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"घराण्याचं नाव," काका म्हणाले.

डोंगर चढताना काका फक्त एका कारणासाठी थांबत होते, ते म्हणजे मागे राहिलेले वॉल्टर. दुपारी एका जंगलवाटेवर समोरून मोठ्या शिंगांचं हरीण आलं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहिलं. वॉल्टरनी बंदूक उचलली. काकांना बंदूक दिसली नाही. त्यांना एवढंच दिसलं, की कुणाला तरी रस्ता ओलांडायचा आहे. त्यांनी हात वर केला.

"स्वल्प निल्ली!"

वॉल्टर थांबले. सगळेच थांबतात. हरणाने सावकाश रस्ता ओलांडला, पलीकडे जाऊन एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते झाडीत गेलं.

काका खाली बसले. सगळं बोलून टाकलं. "आजोबा शिकारी नव्हते हो. सरकारांच्या मागून जेवणाचे डबे घेऊन जायचे."

व्याह्यांनी बंदूक बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारलं, "डब्यात काय असायचं?"

"मटण. सरकारांना शिकार कधी मिळायचीच नाही. म्हणून बाजारातून आणून, शिजवून सोबत न्यावं लागायचं."

वॉल्टर बर्फात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. उठताना म्हणाले, "बंदूक माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी तुम्ही डबा आणा."

आता मी राजाजीनगरात दाराशेजारच्या खिळ्याला असतो. खिळा तसाच आहे, पण इथून मला रोज सकाळी उतरवतात. माझा एक पट्टा उसवला आहे. मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं जाकीट असेल तर त्याला वेळेवर टाके घाला, आणि पाठीवर लिहिलंय ते काम त्याला अधूनमधून करू द्या. बाकी माझं काही मागणं नाही, खालील एक सोडून.

प्रति, मा. संबंधित अधिकारी. विषय: रस्ता ओलांडण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, मॉन्टाना येथील सदर हरीण राजाजीनगरात आल्यास यल्लव्वाच्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंची वाहने पाच मिनिटे थांबवण्यात यावीत, व तोवर बुजलेले खड्डे बुजलेलेच राहावेत, असे आदेश पावसास देण्यात यावेत. अर्जदारास बाह्या नसल्याने सही करता आलेली नाही, तरी ती केली आहे असे समजण्यात यावे.