बारा अंगठे

"दे अंगठा अन् मोकळी हो! नाही दिलास तर पंप उपटून दुसऱ्या गावाला नेतील," सुतार सकाळपासून बायकोवर ओरडत होता.

"नेऊ देत! मेलेल्या पंपाची राखण करू का मी?"

"उद्या दुरुस्त झाला तर?"

"तुमचा उद्या वर्षभर वाटेतच आहे."

सुतारीण आमच्या पाणी समितीची अध्यक्ष. गेल्या वर्षी पंप बसला त्या दिवशी पाणी धो धो आलं. पाणी खात्याचा साहेब म्हणाला, "वहिनी, पंप चालू असल्याचा अंगठा घ्यायला दर महिन्याला ही चढण चढून मी मरेन. बारा महिन्यांचे अंगठे आत्ताच द्या." तिला दया आली. खोटं कशाला बोलू, आम्हा बायांनाही आली. बारा कोऱ्या कागदांवर बारा अंगठे उमटले. पंधरा दिवसांत पंप कोरडा पडला. तक्रार घेऊन गेलो की कचेरीतले लोक कागदावरचा तिचाच अंगठा दाखवायचे. वर लिहिलेलं, पंप चालू! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिची लेक शाळा सोडून ओढ्याचं पाणी वाहायला लागली.

आज साहेब पुन्हा बारा कागद घेऊन, घामाघूम होऊन वर आला. "वहिनी, आधी पाणी."

"पंप चालू आहे ना? घ्या हापसून."

त्यानं खरंच दांडा हापसला. खडखडाट तेवढा झाला. आम्ही पोट धरून हसलो. तेवढ्यात लेक कळशी घेऊन आली. साहेब घटाघटा प्यायला, तोंडावर मारलं, पुन्हा प्यायला.

"मला कळत नाही का, वहिनी?" तो हळूच म्हणाला. "बंद लिहिलं तर गाव यादीतून जातं. मग दुरुस्तीही नाही."

"अन् चालू लिहिलं तर चालू पंपाला दुरुस्ती कशाला?"

आमचं हसू आटलं. असा संताप आला, पण काढायचा कुणावर?

सुतारणीनं अंगठा शाईत बुडवला, एकाच कागदावर टेकवला आणि अकरा कागद त्याच्या पिशवीत कोंबले.

"हे काय?"

"महिन्याला एक. या चढून."

"भर उन्हात?"

"माझी लेक रोज चढते. तुम्ही महिन्यातून एकदा चढा."

साहेब पाय ओढत उतरला. सुतारणीनं कळशीत डोकावून पाहिलं. अर्धी संपली होती. उरलेलं पाणी तिनं घरातल्या माठात ओतलं आणि रिकामी कळशी लेकीच्या हातात दिली.