भारतीताईंनी साक्षीला नेलेला तांब्या

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? कागदावर, माणसाच्या शब्दावर, की भांड्यावर? हसू नका. मी पितळी तांब्या आहे आणि नगरच्या कोर्टात माझ्यावर विश्वास ठेवला गेला.

माझा पहिला मुक्काम बेलापूरच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान. एक्क्याऐंशीच्या जानेवारीत पुंजाराम नावाचा ऊसतोडणी कामगार आला. बहीण दगडाबाई तिथंच उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत बाळंत झालेली. भाच्याच्या बारशाला त्याला भांडं हवं होतं. तासभर घासाघीस चालली. शेवटी मालक म्हणाले, "पाहुणं, भाव तुटायचा न्हाई. पण नावाबरूबर तारीख फुकट घालून देतो."

"तारखेला काय चाटायचंय?" पुंजाराम म्हणाला, पण फुकटचं कोण सोडतो? छिन्नीच्या ठिपक्यांनी माझ्या पोटावर अक्षरं उमटली: चि. अजिनाथ, बारशानिमित्त मामाकडून, १८-१-८१.

मग मी पाथर्डीकडच्या कोरड्या गावात आलो. अजिनाथ साडेचार वर्षांचा झाला, तेव्हा दगडाबाईनं त्याला शाळेत नेलं. सहा पूर्ण नसतील तर गुरुजी घ्यायचे नाहीत. ती बेधडक म्हणाली, "सहाचा हाय की." फडावर जन्मलेल्या पोराची गावात नोंद कुठली? गुरुजींनी सगळ्यांना लावायचे तीच तारीख लावली, एक जून, साल एकोणऐंशी. पोर शाळेत बसलं म्हणून माउलीला केवढा आनंद झाला होता.

पंचाण्णवच्या पावसाळ्यात गावातल्या दोघा बाप्यांनी विहिरीवरची मोटार चोरली आणि बॅटरी धरायला अजिनाथला नेलं. तिघं सापडले. शाळेच्या दाखल्यावर पोराला सोळा पूर्ण, आणि तेव्हाच्या कायद्यानं मुलगा सोळाचा झाला की मोठा. म्हणजे खटला मोठ्यांचा आणि तुरुंगही मोठ्यांचा. दगडाबाई उंबऱ्यात बसून राहायची. चूल पेटायची नाही.

अशात भिंगारहून वकीलबाई आल्या, भारतीताई. अशा पोरांचे खटले त्या फी न घेता चालवायच्या. दगडाबाईनं माझ्यातून पाणी दिलं. पिता पिता ताईंचा अंगठा माझ्या पोटावर थबकला.

"दगडाबाई, हा तांब्या मला द्या."

"फी म्हनून तांब्या नेता व्हय ताई?"

"फी नाही, साक्षीला नेते."

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, "मॅडम, आज तांब्या आलाय, उद्या परात आणि पळी येतील. हे नाव कालच घातलेलं नसेल कशावरून?"

डॉक्टरांनी चौदा ते सोळा असा अंदाज दिलेला, त्यामुळे सगळा भार माझ्यावर आला. पुंजारामनं शपथेवर बेलापूरची हकिकत सांगितली, घासाघिशीसकट. मॅजिस्ट्रेट बाईंनी मला हातात घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं, मग नख. "ही अक्षरं कालची नाहीत," त्या म्हणाल्या. "राखेनं घासून घासून बुजत आलीत. माझ्या आईच्या घागरीवरची अशीच झालीत."

अजिनाथ चौदा वर्षांचा ठरला. प्रकरण बालन्यायालयात गेलं आणि तिथून पोर आईच्या हवाली झालं. त्या दिवशी ताईंच्या पिशवीत मी असा बसलो होतो, जसा काही देवळावरचा कळसच.

पण खरी गंमत पुढंच. शाळेनं त्याचं नाव केव्हाच कापलेलं. दरसाल ऊसतोडीला जातो म्हणून. ताई त्याला घेऊन शाळेत गेल्या.

"चोरी केलेलं पोर वर्गात कसं बसवू?" हेडमास्तर म्हणाले.

"कोर्टानं सोडलंय," ताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही कशासाठी धरून ठेवताय? नाही म्हणायचं तर लेखी द्या, मी परत कोर्टात जाते."

लेखी द्यायला कुणी तयार होईना. अजिनाथ आठवीत बसला.

आज नव्याण्णव साल आहे. तो आयटीआयला मोटार बांधायला शिकतो. चोरायची नव्हे, दुरुस्त करायची. मला दोन पोचे आलेत, पण पाहुणा आला की दगडाबाई मलाच पुढं करते, अक्षरांची बाजू पाहुण्याकडं ठेवून. गावात बारशाचं भांडं आणायला निघालेल्याला बाया आता बजावतात, "तारीख घालून आन बरं का."

मी बाजारात वाढलेला, म्हणून व्यवहाराचंच मागतो. तेल-मिठाचा हिशेब तुम्ही चोख ठेवता, तसा लेकरांच्या वयाचाही ठेवा. मायेपोटीसुद्धा त्यात दीड वर्ष वाढवू नका. ते तुम्ही सहज लिहून जाता आणि फेडायला लेकरू एकटंच उभं राहतं.