काळा सूर्य म्हणे

कलादालनात शिरल्याशिरल्या चित्रकर्तीने दाराशी टेकवलेला फलक वाचला. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कोणाच्या प्रदर्शनाचा असेल. दुसऱ्यांदा वाचताना वर स्वतःचं नाव दिसलं. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

‘प्रत्येक चित्राच्या तळाशी उगवणारा काळा सूर्य हा स्त्रीच्या दडपलेल्या दुःखाचा मूक उद्गार आहे.’ असं बरंच काही. शेवटी ‘अंधाराचा गर्भ’ वगैरे.

मागून नणंद आली. तिच्या खांद्यावर दहा महिन्यांची गोटी झोपली होती. तिने मान वाकडी करून वाचलं.

“वहिनी, हा काळा सूर्य म्हणजे आमची गोटी का गं?”

“तीच.”

“अगंबाई. माझ्या भाचीला कोणी नावं ठेवली तर मी ऐकून घेत नाही हं. दुःख काय, अंधार काय. दोन दात आलेत तिला फक्त.”

एरवी चित्रकर्ती हसली असती. गोटी झाल्यापासून चित्रं काढायला वेळ मिळायचा तो ती दूध पीत असताना. पलंगाला पाठ लावून जमिनीवर बसायचं, डाव्या हातावर पोर, उजव्या हातात ब्रश, समोर पाटावर कागद. तिथून दिसायचं ते काढायचं. टेबलाची खालची बाजू, खुर्चीचे पाय, दाराखालून येणारी उजेडाची पट्टी, कपाटाखाली गेलेला चमचा. आणि तळाशी, नजरेच्या आड येणारं, गोटीचं काळंभोर डोकं. पहिली दोन चित्रं तिने ते वगळून काढली, तर ती खोटी दिसायला लागली. मग डोकं राहू दिलं. अशी बावीस चित्रं झाली होती.

राग फलक लिहिणाऱ्या दालनाच्या बाईंचा होता, पण सगळा त्यांचाच नव्हता. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी विचारलं होतं, तुमच्या कामाबद्दल चार ओळी लिहून द्याल का? आणि हिने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, मी लिहीत नाही, चित्रच बोलतं. हे वाक्य कॉलेजातल्या सरांचं. चित्रकाराने लिहू नये, लिहितो तो कच्चा, असं सर वर्गात म्हणायचे आणि वर्ग माना डोलवायचा. सरांच्या प्रत्येक प्रदर्शनाची पुस्तिका त्यांची बायको लिहायची, पाहुण्यांचा चहा करता करता, हे तिला फार उशिरा कळलं. आपण बोललो नाही की दुसरा बोलतो, एवढी साधी गोष्ट. आपलेच दात, आपलेच ओठ.

बाई आतून आल्या. हातात निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा, त्यावरही सूर्य.

“आवडलं ना? मी स्वतः बसून लिहिलंय.”

“चित्रं बघून लिहिलंत?”

“फोटो पाठवले होतेत की तुम्ही.”

“मग एक फोन करायचात. ते माझ्या मुलीचं डोकं आहे.”

बाई कसलेल्या होत्या. “अर्थ लावणाऱ्याचा असतो. आणि खरं सांगू? मुलीचं डोकं कोण बघायला येणार? दुःख म्हटलं की लोक थांबतात.”

“थांबू देत नाहीतर जाऊ देत. हा फलक लागणार नाही.”

“छापून झालाय. पाच वाजता लोक येतील. तुम्ही तेव्हा लिहिलं असतंत तर ही वेळ आली नसती.”

हे वर्मी लागलं, कारण खरं होतं. बाई आत गेल्या, तशी ती फलक उचलून कोपऱ्यात गेली, तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायला बसली. गोटी उठेपर्यंतचा वेळ आपला.

पहिल्या झटक्यात पानभर लिहिलं. सर, बाई, फोटो, सूर्य, सगळ्यांची सालटी काढली. भिंतीवर खिळे ठोकणारे सुतारकाका शिडीवरून उतरून शेजारी उभे राहिले आणि चष्मा वर करून वाचू लागले.

“हे भांडण झालं, ताई. जिच्याशी आहे ती आत बसलीय. बघायला येणाऱ्याने काय केलंय?”

तिने वर पाहिलं. काका सहजच बोलले होते. हातातला हातोडा हलवत त्यांनी पुढे विचारलं, “मला एवढंच सांगा, चित्रं किती उंचीवर लावू? नेहमीसारखी डोळ्यांसमोर?”

“नको. गुडघ्याइतकी खाली. मी बसून काढलीत ती.”

“मग हेच लिहा ना. मला कळलं, त्यांनाही कळेल.”

तिने सगळं खोडरबराने पुसलं आणि सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं.

‘ही चित्रं जमिनीवर बसून काढली आहेत, मुलगी दूध पीत असताना. तळाशी दिसतं ते तिचं डोकं. ती प्यायची तेवढाच वेळ हातात होता. चित्रं खाली लावली आहेत. बसून बघा.’

बाईंनी बाहेर येऊन वाचलं आणि ओठ मुडपले. “हे काय, निरोप लिहिल्यासारखं. पत्रिकेत सूर्य आणि भिंतीवर हे? माझी काय शोभा होईल?”

“तुमच्या शोभेचं तुम्ही बघा. माझ्या मुलीला मी दुःख म्हणणार नाही.”

“मग चित्रं उतरवा.”

बाईंना वाटलं, ही नमेल. ती उठली. काकांनी तोवर खाली टांगलेल्या पाचपैकी पहिलं चित्र तिने खिळ्यावरून काढलं, मग दुसरं, मग तिसरं. नणंदेने गोटीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळ्या हाताने चौथं काढलं.

उघडी पडत चाललेली भिंत बघून बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते.

“लावा,” त्या म्हणाल्या. “पण कोणी हसलं तर माझं नाव सांगू नका.”

“सांगणार नाही. तुम्ही लिहिलेलं नाहीच ते.”

सुतारकाकांनी बावीसही चित्रं गुडघ्याइतक्या उंचीवर लावली. सगळ्यात शेवटी फलक घेतला, पेन्सिलीची बाजू बाहेर, सूर्याची भिंतीकडे. एका खिळ्याने काम झालं असतं. काकांनी चार कोपऱ्यांना चार स्क्रू मारले आणि प्रत्येक स्क्रू शेवटपर्यंत आवळला.

“कोणी उलटायला नको,” ते म्हणाले.

तेवढ्यात गोटी जागी झाली आणि रडू लागली. चित्रकर्ती तिथेच, फलकाखाली, भिंतीला पाठ लावून खाली बसली. राग अजून उतरला नव्हता. तिने पोर मांडीवर घेतली आणि पाच वाजायची वाट बघत समोरच्या टेबलाची खालची बाजू न्याहाळू लागली.