रिकाम्या चौकटीतली माउली

ग्रंथालयात पुस्तकांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. सगळी झुंबड कॉम्प्युटरभोवती. महाराजांनी कीबोर्डवर तळवा टेकवला, डोळे मिटले. "ये माउली, बोल!" आणि सभासदाच्या नोंदीत, शेऱ्याच्या रिकाम्या चौकटीत, अक्षरं उमटली : जेवलात का?

मागे कुणीतरी हुंदका दिला. नोंदींचा हा प्रोग्राम लिहिणाऱ्या ग्रंथपालबाई नुकत्याच गेल्या होत्या.

"आत्मा उपाशी आहे," महाराज म्हणाले. "घरच्यांच्या घशाखाली घास उतरतो, तोवर तिला सुटका नाही!"

बाईंच्या नवऱ्याने अन्न सोडलं. अंगातला शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला.

"बाबा, दोन घास तरी खा ना," मुलगी विनवायची.

"ती उपाशी असताना?"

मुलगीही प्रोग्रामरच. तिने एकटीने मशीनसमोर बसून पाहिलं, हे नेमकं कशाने घडतं? नोंद उघडली, काही नाही. नाव बदललं, काही नाही. कर्सर रिकाम्या शेऱ्यात शिरला मात्र, अक्षरं हजर! मंत्र संपताना महाराजांची करंगळी, कर्सर पुढच्या चौकटीत नेणाऱ्या टॅबच्या कळीवर का पडते, तेही उमगलं. कर्सर शिरताच चालणाऱ्या कोडच्या ओळीवर तिने ब्रेकपॉइंट लावला. आता प्रोग्राम तिथे पोचला की जागीच थांबणार.

दुसऱ्या दिवशी महाराज गरजले, "ये माउली!" चौकट कोरीच. पुन्हा गरजले. घाम पुसला.

"माउली रुसली वाटतं," कुणीतरी खुसखुसलं.

"रुसली नाही, मी थांबवलीय." मुलीने पडद्यावर अडलेली पिवळी ओळ दाखवली. "बाबा, ही कळ दाबा."

बाबांनी दाबली. कोड एक पाऊल सरकला. जेवलात का?

"हा भाग वेळेवर चालतो का, हे बघायला आईने चाचणीचं वाक्य टाकलं होतं. काढायच्या आतच ती अंथरुणाला खिळली. ती गेल्यावर तिच्या मशीनवरची ती अर्धवट प्रत इथे बसवली गेली."

महाराज गर्दीतून सटकले. बाबांची नजर हलली नाही.

"म्हणजे ती बोलत नव्हती?"

"बोलत होती, बाबा. पण तेव्हा ती जिवंत होती."

बाबा खुर्चीत कोसळले आणि लहान मुलासारखे रडले. मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला नि लोकांकडे वळली.

"उपाशी राहा, असं माझी आई आयुष्यात कुणाला म्हणाली नाही. तिच्या तोंडी ते कोण घालतंय, एवढं तरी विचारायचं होतंत!"