मान मोडलेली कुपी

भूलतज्ज्ञ बाईंना ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे पाठीमागे 'अंगाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, पण तसं त्यांनी कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तीस वर्षं त्या माणसांना झोपवत आणि परत उठवत आल्या होत्या. आश्वासन मात्र त्या कोणाला देत नसत. मग एक लिफ्टवाला आला आणि त्यांचा नियम मोडला.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी बाई त्याला तपासायला वॉर्डात गेल्या. पन्नाशीचा लिफ्ट मेकॅनिक, पित्ताशयात खडे, आणि हृदय अगदीच दुबळं. चांगलं हृदय एका ठोक्याला जेवढं रक्त ढकलतं, त्याच्या निम्मंच याचं ढकलत होतं.

"डॉक्टर, मला अफूच्या जातीतलं काही द्यायचं नाही," तो म्हणाला. "थेंबभरसुद्धा नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. लिफ्टच्या खड्ड्यात पडून कंबर मोडली. दुखण्यावर इंजेक्शनं सुरू झाली. कंबर बरी झाली, इंजेक्शनं सुटेनात. दोन वर्षं बायकोशी खोटं बोलण्यात गेली. शेवटचं घेतलं त्याला आता सात वर्षं झाली होती. आजही कामावरून आला की तो दारातच दोन्ही खिसे उलटे करून दाखवतो. बायको मागत नाही, तरी दाखवतो.

"भुलेत तुम्हाला कळणार कुठे?" बाई म्हणाल्या.

"मला नाही कळणार. अंगाला कळेल. ते काही विसरत नाही."

बाईंनी समजावलं. अफूशिवाय भूल देता येते, त्या स्वतः देतात. वेदना दाबायला दोन-तीन वेगळी औषधं पंपाने थोडी थोडी शिरेत सोडायची, पोटाची भिंत बधिर करायची. "पण तुमचं हृदय बसायला लागलं तर मी परवानगी मागत बसणार नाही."

"नका मागू. पण दिलंत तर मला सांगा. आणि नाही दिलंत तर त्या औषधाची कुपी मला अख्खी दाखवा, न फोडलेली. तोंडी सांगण्यावर माझा विश्वास नाही. मी स्वतः फार तोंडी सांगितलंय."

बाईंनी होकाराची मान हलवली. बाहेर पडल्या तर दारात त्याची बायको. "द्यावंच लागलं तर द्या डॉक्टर, पण यांना कळू देऊ नका. कळलं की मन कच्चं होईल. पुन्हा ते सगळं काढायची ताकद नाही हो माझ्यात." बाईंनी तिच्याकडेही बघून मान हलवली. चांगल्याच अडकल्या.

सकाळी टेबलावर लिफ्टवाला म्हणाला, "मला फार वर पाठवू नका. अडकलेली लिफ्ट खाली आणणारा मीच, आणि मीच झोपलेलो असणार." सिस्टर हसल्या. सर्जन हसले नाहीत. हातात जादू असलेला माणूस, पण धीर नावाची गोष्ट देवाने द्यायचीच राहिली होती.

तो झोपला. बाईंनी घशातून इकोची नळी उतरवली आणि त्याचं हृदय पडद्यावर दिसू लागलं, करडं, आळसावलेलं, पण चालू. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरला तसं ब्लडप्रेशर जरा घसरलं. पंपाचं औषध ज्या चावीतून शिरेत जात होतं, हाताच्या नळीवरची ती तीन तोंडांची छोटी चावी फिरवून बाईंनी प्रेशरचं औषध दिलं. प्रेशर सावरलं. सर्जन कामाला लागले.

पंधरा मिनिटं सुरळीत गेली. मग नाडी सत्तरवरून नव्वदवर गेली. मग एकशे दहा, एकशे अठरा. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. हृदयाचा डावा कप्पा फुगत होता आणि त्याची भिंत जेमतेम हलत होती. इतक्या घाईत धावायची त्या हृदयाला सवयच नव्हती.

"दुखतंय त्याला," सर्जन वर न बघता म्हणाले. "द्या ते अफूवालं फेंटॅनिल आणि मोकळ्या व्हा, मॅडम. कसला हट्ट धरून बसलायत आपण?"

एकशे चोवीस. मधेच एक ठोका चुकला. त्याचा आणि बाईंचाही.

"सिस्टर, कुपी आणा."

सिस्टरनी कुलूपबंद कपाटातून कुपी आणली. बाईंनी काचेची मान मोडली. टक् आवाज झाला. दोन मिली औषध सिरिंजमध्ये ओढलं. तीस वर्षांचा हात, सवयीने चालला. पण मनातून बाई त्या माणसाची माफी मागत होत्या. सिरिंज लावायला त्यांनी हाताच्या नळीवरची चावी धरली, आणि तिथेच थांबल्या.

चावी पंपाच्या बाजूने बंद होती. मघाशी प्रेशरचं औषध देऊन त्यांनी ती परत फिरवलीच नव्हती. पंप चालू होता, पण वेदनेचं औषध पाऊण-एक इंचावर अडून बसलं होतं. पंप इतका सावकाश चालवलेला की अडल्याची बोंब मारायला त्याला अजून वेळ होता. पंधरा-वीस मिनिटं हा झोपलेला माणूस वेदनेचं औषध जवळजवळ नसल्यासारखा कापला जात होता. 

त्यांची बोटं चावी उघडायला निघाली आणि त्यांनी ती मागे खेचली. नळीत तुंबलेलं औषध एकदम आत गेलं असतं तर हृदय थांबायलाही वेळ लागला नसता. त्यांनी नळी सोडवली, तुंबलेले थेंब गळू दिले, मग ती पुन्हा जोडून चावी उघडली.

"पोटातला गॅस सोडा. अवजारं बाहेर काढा."

"आत्ता? ऐन क्लिप लावायच्या वेळी?"

"पाच मिनिटं. चूक माझी आहे, भांडण नंतर करू."

तीस वर्षांत अंगाईचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. सर्जननी अवजारं बाहेर काढली. पोटाचा फुगवटा बसला.

बाईंनी भरलेली सिरिंज हातातच ठेवली. पाच मिनिटांत नाडी एकशे दहाच्या खाली आली नाही तर द्यायचं, सांगायचं, आणि त्याने काय म्हणायचं ते म्हणू दे. माणूस जिवंत हवा. एकशे सव्वीस. एकशे अठ्ठावीस. तिसरं मिनिट सरलं. एकशे एकोणीस. बाईंना स्वतःचा श्वास मास्कमध्ये ऐकू येत होता. चौथ्या मिनिटाला एकशे बारा, मग एकशे सहा. पडद्यावरची भिंत आत ओढली गेली, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. बाईंचा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशन संपल्यावर सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, कपाटातली दुसरी कुपी दाखवा ना त्याला. कळणार कोणाला?"

बाईंना ते पटलंसुद्धा. त्याचं समाधान, त्याच्या बायकोचं समाधान. आणि त्या अख्ख्या कुपीमागे आपली बंद चावीही गपचूप दडली असती. हे शेवटचं मनात आलं तेव्हा त्यांना स्वतःचा राग आला. त्यांनी फुटकी कुपी आणि भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि सिस्टरना घेऊन रिकव्हरीत गेल्या.

लिफ्टवाला जागा होता. कपाळावर घाम, दात आवळलेले. त्याने कुपीची मोडलेली मान पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मोडलीत."

"मोडली. सिरिंज भरली. पण दिली नाही. तुमच्या दुखण्याचं औषध माझ्या हातून बंद राहिलं होतं. हृदय धावलं ते माझ्या चुकीने. ही बघा सिरिंज."

तो सिरिंजवरच्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिला. त्या रेघा त्याच्याइतक्या कोणी मोजल्या नसतील.

"दोन मिली. पुरती." मग ओठांच्या कोपऱ्यात हसला. "आणि दुखतंय पण झकास. दिलं असतंत तर असं दुखलं नसतं."

"दुखण्यावर दुसरं देते, आत्ताच."

पण त्याची नजर सिरिंजवरून हटेना. चादरीखाली त्याच्या मुठी वळलेल्या दिसत होत्या. दारात त्याची बायको येऊन उभी राहिली होती. आत यायचं तिला धाडस होत नव्हतं.

"डॉक्टर, ओतून टाका ते. माझ्यासमोर." त्याचा आवाज चिरकला. "आणि जरा लवकर."

सिस्टरच्या साक्षीने बाईंनी दांडा दाबला. औषध ट्रेमधल्या कापसात जिरलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत तो बघत होता. मग त्याने डोळे मिटले आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. बाईंचेही डोळे भरले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"आत ये गं," तो म्हणाला.

ती पलंगाशी आली तेव्हा त्याने चादरीखालून हात काढले आणि दोन्ही मोकळे तळवे तिच्यापुढे धरले.

"या झग्याला खिसेच नाहीत," तो म्हणाला.