क्लेम पास्कोची रात्रपाळी

"सगळ्यांनी बॅटऱ्या बंद करा," ट्रॉय म्हणाला. "आणि घाबरल्यावर कुणाचा हात धरणार, ते आत्ताच ठरवून ठेवा."

"तुझाच," नोलीन म्हणाली. "एवढं तिकीट काढून काय भिंतीचा धरू?"

सगळे हसले. ट्रॉयही हसला. बंद पडलेल्या तुरुंगाच्या त्या लांब दगडी बोळात, दोन्ही बाजूंच्या बंद कोठड्यांच्या मधे, आम्ही मोजकी माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. माझ्या शेजारी नोलीन होती. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. ॲडलेडहून आली होती, आणि मला न विचारताच तिने थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला होता. बाकीचेही शहराकडचेच. आमच्या गावातलं कोणी ही भुतांची रात्र बघायला येत नाही.

मी मात्र गावातलीच. ट्रॉयला ते ठाऊक नव्हतं. तो स्वतः बाहेरचा, आठवडाभर टायरच्या दुकानात काम करणारा आणि अशा रात्री लोकांना तुरुंगात भुतं दाखवणारा, आणि मी तिकीट नवऱ्याच्या आडनावावर काढलं होतं. भुतांशी मला काही कर्तव्य नव्हतं. माझे वडील, क्लेम पास्को, एप्रिलमध्ये गेले. तुरुंग बंद होईपर्यंत ते इथे पहारेकरी होते आणि बहुतेक वर्षं रात्रपाळीवर. तुरुंगाच्या भिंतीला टेकून असलेल्या चाळीतल्या घरात आम्ही वाढलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती भिंतच दिसायची. पण आत काय असतं याबद्दल बाबा कधी एक शब्द बोलले नाहीत. दिवसा तिकीट काढून आत जाता येतं, तशी मी जाऊन आले होते. बाबांचा तुरुंग रात्रीचा होता. आणि रात्री आत राहायचं तर भुतं शोधणाऱ्यांबरोबरच.

तोवर फारसं काही घडलं नव्हतं. ट्रॉयच्या भुतं शोधायच्या यंत्रावरचा दिवा दोनदा लुकलुकला. तिथे भिंतीत विजेची तार आहे असं एकाने हळूच सांगितलं. वरच्या मजल्यावर लाकूड करकरलं तेव्हा नोलीन म्हणाली की भुताचेही गुडघे गेलेले दिसतायत. मग ट्रॉयने खिशातून आवाज टिपणारं एक छोटं यंत्र काढलं. आता पुरावा ऐकवतो, म्हणाला.

तीन हिवाळ्यांपूर्वी त्याने ते याच बोळात चालू करून ठेवलं होतं आणि मोठ्या फाटकाला कुलूप लावून तो घरी गेला होता. आत मांजरसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी जे ऐकलं त्यामुळे त्याला म्हणे आठवडाभर झोप आली नाही. जुन्या काळी इथे एक पहारेकरी होता, कैदी त्याला कसाई म्हणायचे. दारातल्या झरोक्यातून तो कैद्याला हात बाहेर काढायला लावायचा आणि बोटं मोडायचा. अजून तो रात्री हात मागत फिरतो. हे सगळं ट्रॉयने इतक्या सराईतपणे सांगितलं की कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, हे त्याला झोपेतही जमलं असतं. मग त्याने कळ दाबली.

आधी नुसती खरखर. मग पावलं, सावकाश, एक पाय किंचित ओढत येणारी. ती थांबली. मग एका पुरुषाचा आवाज. मोठा नव्हे.

"हात दाखव."

मागे कुणीतरी श्वास ओढला.

"हात दाखव, डार्सी. चल रे. दाखव."

ट्रॉयने तिथेच यंत्र बंद केलं. माझ्या मांडीवर काहीतरी गरम पसरत होतं. नोलीनने माझ्या हातातला कप काढून घेतला तेव्हा मला कळलं की तो चहा आहे.

तो आवाज बाबांसारखा नव्हता. तो बाबांचाच होता. रात्री कवळी काढून ठेवल्यावर त्यांचा शेवटचा शब्द ओठांतच विरायचा, तसा तो विरला होता. म्हणजे त्यांचा म्हातारपणचा आवाज. बाबांचे फोटो आमच्याकडे पेटीभर आहेत. त्यांचा आवाज जपून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. एप्रिलपासून मी तो ऐकला नव्हता, आणि पुन्हा कधी ऐकेन असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही बहिणी लहान असताना बाबा रात्रपाळीवरून यायचे, बूट न काढता आमच्या खोलीच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, हात दाखव. आम्ही रजईतून एकेक हात बाहेर काढायचो. दार लागायचं. आम्हाला तो खेळ वाटायचा. मी मोठी झाल्यावर आईने सांगितलं की रात्रीच्या फेरीत नुसतं पांघरूण बघून पुढे जायचं नाही, असा तिथला नियम होता. खाली माणूस आहे आणि जिवंत आहे, हे अंगाची कातडी बघून ठरवायचं. मग एका हिवाळ्यात त्यांच्या पाळीत, दोन फेऱ्यांच्या मधे, एका तरण्या कैद्याने गळफास घेतला. त्यानंतर बाबांनी घरी आमचे हात कधी मागितले नाहीत.

आणि तीन हिवाळ्यांपूर्वी बाबा हयात होते. त्यांना विसर पडायला लागला होता. रात्री आईला जाग यायची तेव्हा शेजारची गादी गार असायची. उजाडल्यावर ते परत येत. सपाता दवाने भिजलेल्या, पायजम्याला चुन्याची भुकटी. कुठे गेला होतात, विचारलं की म्हणायचे, कामावर. डोकं फिरल्यासारखं बोलतायत असंच आम्ही समजलो. शेवटी आईने दाराला वरच्या बाजूला कडी बसवून घेतली. तुरुंगाच्या भटारखान्यामागे एक लहान दार आहे. खांद्याने वर उचलून ढकललं की ते उघडतं, हे चाळीतल्या प्रत्येक घराला माहीत होतं. मी या दोन गोष्टी कधी जोडून बघितल्या नव्हत्या.

"ते भूत नाही," मी म्हणाले. "ते माझे वडील आहेत."

ट्रॉय समजूतदारपणे हसला. इथे बऱ्याच जणांना आपलं माणूस भेटतं, म्हणाला.

"ते तेव्हा जिवंत होते."

मग मी सगळं सांगितलं. नाव, ते लहान दार, सपाता, हात कशासाठी दाखवायचा ते. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. कोर्टात साक्ष द्यावी तशी तू बोलत होतीस, असं नोलीन नंतर म्हणाली. ट्रॉय माझ्याकडे बघत राहिला, मग हातातल्या यंत्राकडे. त्याचा चेहरा पार उतरला होता. पलीकडच्या खुर्चीतल्या माणसाने विचारलं, डार्सी कोण? तो मेलेला कैदी असावा, मी म्हणाले. त्याचं नाव मलाही आजच कळलं होतं.

"आणि हा गाढव त्यांना कसाई म्हणून विकतोय," नोलीन म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता.

ट्रॉय माझ्याजवळ येऊन खाली बसला.

"पुसून टाकू का? आत्ता, तुमच्यासमोर?"

"नको," मी म्हणाले, आणि तो शब्द बोळभर घुमला. एवढ्यावर संपतं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, आधीचं आणि नंतरचं बरंच आहे, पण त्यात काही नाही. लोक कंटाळतात, म्हणून तो तेवढाच तुकडा लावतो.

"सगळं लाव."

पावलं सुरू होतात तिथपासून त्याने लावलं. बोळाच्या पार टोकाकडून बाबा येत होते. हात दाखव. थोडी शांतता. मग, शाब्बास, झोप. पाय ओढत पुढच्या दारापाशी. पुन्हा तेच. दर दाराला एक नाव होतं, आणि दर दारापाशी, त्या रिकाम्या कोठडीतून, बाबांना हात दिसत होता. आवाजात घाई नव्हती. घरी चहाचा कपसुद्धा विसरणारा माणूस एकाही नावाला अडखळत नव्हता.

मग डार्सीचं दार आलं. हात दाखव, डार्सी. चल रे, दाखव. ट्रॉयचं बोट सवयीने कळेकडे गेलं आणि परत आलं. बाबांनी आणखी एकदा सांगितलं. मग आणखी एकदा, अगदी हळू. त्यानंतर शब्द नव्हता. दाराजवळ कुणीतरी उभं असल्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आम्ही ऐकत राहिलो. नोलीन गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उभी राहिली. मग एकेक करत बाकीचेही उठले. खुर्च्या फरशीवर घासल्या. यंत्रात लांबवर मॅगपाय पक्षी बोलायला लागले होते, म्हणजे तिकडे उजाडत आलं होतं. ओढत्या पायाचा आवाज अजून आला नव्हता. तो ऐकायचा राहिला तो राहिलाच. त्या रात्री यंत्राची बॅटरी त्याआधीच संपली होती.